काव, काटा आणि पाटी : उन्हाळी प्रदर्शनासाठी मराठी लिहिताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्यातील कलाकेंद्रांना जाग येते. पणजीला कांपाल येथे, मांडवीच्या काठावर, चार्ल्स कुरैय्या यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले कला अकादमीचे संकुल आहे. मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को येथे रवींद्र भवने आहेत. फोंड्याला राजीव गांधी कलामंदिर आहे. याशिवाय गावोगावची मंडळे, वाचनालये आणि देवस्थानांची सभागृहे आहेतच. शाळा बंद झाल्या की या जागांच्या दर्शनी फलकांवर नाट्यशिबिर, चित्रकला शिबिर, हस्तकला वर्ग, मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन, संवादिनी-तबल्याचे प्राथमिक वर्ग अशी यादी लागते. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांचे शिक्षणाचे माध्यम पाचवीपासून इंग्रजी होते. त्यामुळे सुट्टीतले हे दहा-पंधरा दिवस अनेकांच्या बाबतीत मराठी ऐकण्याचे, बोलण्याचे आणि क्वचित लिहिण्याचे वर्षभरातले सर्वांत सलग दिवस ठरतात.

नाट्यशिबिरात मराठी आपसूक येते, कारण संहिता मराठी असते. प्रदर्शनाच्या दालनात मात्र ती आपसूक येत नाही. वस्तू मुकी असते. तिच्याशेजारी लावलेली पाटी जी भाषा बोलेल ती त्या वस्तूची भाषा होते. या पाटीकडे आपले लेखक आणि शिक्षक फारसे लक्ष देत नाहीत. ती आयोजकांनी शेवटच्या रात्री कुणाकडून तरी भाषांतर करून घ्यायची गोष्ट समजली जाते. गेल्या काही वर्षांत मी अशा उन्हाळी प्रदर्शनांच्या पाट्या लिहिण्याचे आणि मुलांकडून लिहून घेण्याचे काम करीत आलो आहे. त्यांपैकी कावी कलेच्या एका प्रदर्शनाच्या आधारे, पाटी म्हणजे काय, ती कशी लिहावी आणि तिच्यामुळे काय घडू शकते, हे या लेखात सांगतो.

कावी म्हणजे काय

कावी ही कोकणपट्टीवरची भिंत सजवण्याची जुनी कला. गोव्यात पेडणे, डिचोली या भागांतील काही मंदिरांत आणि जुन्या घरांत, दक्षिण कोकणात, तसेच खाली कारवार, अंकोला, कुमठा, गोकर्ण या पट्ट्यात तिचे नमुने आढळतात. तिच्यात रंग दोनच : चुन्याचा पांढरा आणि मातीचा तांबडा. तांबड्या मातीला आपल्याकडे ‘काव’ म्हणतात, त्यावरून कलेचे नाव पडले. कन्नडमध्ये संन्याशाच्या वस्त्रांच्या रंगालाही कावी म्हणतात. कर्नाटकातील लेखक व अभ्यासक कृष्णानंद कामत यांनी गावोगाव फिरून या कलेच्या नोंदी आणि छायाचित्रे जमवली, म्हणून आज पडून गेलेल्या कित्येक भिंतींची निदान ओळख तरी शिल्लक आहे.

कावी पाहणाऱ्याला प्रथम ते रंगवलेले चित्र वाटते. तसे ते नाही. आधी भिंतीवर चुन्याचा पांढरा गिलावा चढवायचा. त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा. हा वरचा थर ओलसर असतानाच पट्टी आणि कंपासाने आखणी करून पोलादी काट्याने तो जागोजागी खरवडायचा. खरवडलेल्या जागी खालचा पांढरा उघडा पडतो, न खरवडलेल्या जागी तांबडा राहतो आणि या दोहोंच्या मेळातून वेलबुट्टी, कमळ, हत्ती, मोर, कीर्तिमुख, देवदेवतांच्या आकृती उमटतात. युरोपात इटलीत याच तत्त्वावर चालणाऱ्या कामाला स्ग्राफितो म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थही ‘खरवडलेले’ असाच आहे.

खरी करामत गिलाव्यात आहे. किनाऱ्यावर चुनखडीपेक्षा शिंपले सहज मिळतात. ते भट्टीत भाजले की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो खदखदतो, फुगतो, विरतो. विरलेल्या चुन्यात धुतलेली वाळू आणि गुळाचे पाणी घालून तो सुमारे दोन आठवडे मुरत ठेवायचा आणि मग कुटून कुटून एकजीव करायचा. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा शिंपल्याच्या जातीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा होतो. थोडक्यात, समुद्रातून आलेला शिंपला भट्टी, पाणी आणि हवा यांतून फिरून भिंतीवर परत शिंपला होतो. वरचा तांबडा थरही चुन्याचाच असल्याने तो खालच्या थराशी एकजीव होतो. रंगाचा पापुद्रा सुटावा तसा तो सुटत नाही. काम झाल्यावर नदीतल्या गुळगुळीत गोट्याने भिंत घोटतात आणि काही दिवस पाणी मारून पोसतात. आपल्याकडच्या पावसात या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्याचे कारण हे.

तांबड्या रंगाला कारागीर ‘हुरमुंजी’ असेही म्हणत. मराठी कोशांत हा शब्द आहे आणि त्याचे मूळ इराणच्या आखातातल्या हुर्मुज बेटाच्या नावात आहे. त्या बेटाची तांबडी माती प्रसिद्ध होती. हुर्मुज १५१५ ते १६२२ या काळात पोर्तुगीजांकडे होते आणि त्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी गोवा होती. रंग देणारा पदार्थ मात्र आपल्या ओळखीचा आहे : लोहाचा ऑक्साइड, जो आपल्या चिऱ्यालाही तांबडा करतो. एका रंगाच्या नावात भूगोल, व्यापार आणि इतिहास असा भरलेला असतो. पाटीवर ‘लाल रंग’ एवढेच लिहिले तर हे सगळे गळून जाते.

प्रदर्शन उन्हाळ्यातच का

सुट्टी हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडे देवळांची आणि घरांची डागडुजी पावसाळ्याच्या आधी होते. चैत्र-वैशाखात कौले चाळली जातात, भिंतींना हात फिरतो, वर्षभर जमलेल्या वर्गणीतून रंगकाम निघते. म्हणजे कावीच्या जुन्या भिंती नाहीशा होण्याचा काळही हाच. ‘जुने, डाग पडलेले’ काम झाकायचे म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चकचकीत तैलरंग चढतो. कुणाच्या मनात वाईट हेतू नसतो. देऊळ नवे, स्वच्छ दिसावे ही भक्ताची स्वाभाविक इच्छा असते.

त्यामागचे शास्त्र मात्र माहीत असायला हवे. चिरा आणि चुना दोन्ही सच्छिद्र. जमिनीतून आणि पावसातून भिंतीत शिरलेला ओलावा त्यांतून बाहेर पडतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते याच अर्थाने. तिच्यावर सिमेंटचा किंवा तैलरंगाचा घट्ट थर बसला की ओलावा आत अडकतो, त्याच्यासोबत आलेले क्षार त्या थरामागे साचतात आणि तो थर फुगतो, सुटतो. सुटताना चुन्याचा मूळ गिलावाही घेऊन जातो. म्हणजे झाकलेली कावी आत सुरक्षित राहिली असे होत नाही. चार-सहा पावसाळ्यांत तीही जाते.

म्हणून या प्रदर्शनाचा वाचक फक्त शिबिरातली मुले नव्हती. मुलांना सोडायला येणारे पालक होते आणि त्यांच्यात देवस्थानांचे महाजन होते. यंदाच्या रंगकामाचा निर्णय ज्यांच्या बैठकीत व्हायचा तीच ही माणसे. पाटी त्यांना कळली नाही तर प्रदर्शन सुंदर झाले तरी भिंत जाणार, हे स्पष्ट होते. पाटीच्या भाषेचा प्रश्न इथे शैलीचा राहत नाही.

भाषांतरित पाटी आणि मराठी पाटी

प्रदर्शनासाठी आलेल्या मजकुराचा पहिला मसुदा इंग्रजीवरून उतरवलेला होता. तो असा :

‘कावी ही एक पारंपरिक भित्तिकला असून ती या प्रदेशाच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे प्रतिनिधित्व करते. सदर कलाप्रकारात द्विवर्णी उत्कीर्णन तंत्राचा अवलंब केला जातो. नैसर्गिक घटकांचा वापर हे तिचे वैशिष्ट्य होय.’

यात व्याकरणाची चूक नाही आणि माहितीही खोटी नाही. तरी दोन मिनिटे भिंतीपुढे उभे राहून हे वाचणाऱ्याला काय कळते, ते पाहा. ‘समृद्ध वारसा’ हे शब्द पैठणीपासून पुरणपोळीपर्यंत कशालाही लावता येतात. ‘उत्कीर्णन’ म्हणजे काय केले, ते डोळ्यांपुढे येत नाही. ‘नैसर्गिक घटक’ म्हणजे कोणते, ते सांगितलेले नाही. तीनही वाक्यांत करणारा माणूस नाही आणि त्याचा हातही नाही.

आम्ही त्या जागी लावलेली पाटी अशी होती :

‘हे चित्र रंगवलेले नाही. भिंतीला आधी शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा दिला. त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर चढवला. तो ओला होता तोवर कारागिराने काट्याने खरवडला. जिथे खरवडले तिथे खालचा पांढरा दिसू लागला. जवळ जाऊन पाहा : पांढरी रेघ किंचित खोल आहे. काट्याची खूण अजून तिथे आहे.’

ही पाटी लिहिताना चार नियम आपोआप पाळले गेले. पुढे मी ते शिबिरातल्या शिक्षकांसाठी वेगळे मांडले.

पहिला नियम : पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे आहे तिथून सुरुवात करावी. इतिहास, महत्त्व, वारसा हे नंतर. वाचक वस्तूकडे बघतो, मग पाटीकडे, मग पुन्हा वस्तूकडे. त्याची नजर परत वस्तूकडे वळवील असे किमान एक वाक्य हवे. ‘जवळ जाऊन पाहा’ हे वाक्य लावल्यावर लोक खरोखर वाकून रेघ पाहू लागले.

दुसरा नियम : नामांपेक्षा क्रियापदांवर भर द्यावा. मराठीची कारागिरीची श्रीमंती तिच्या क्रियापदांत आहे. लिंपणे, सारवणे, थापणे, मळणे, कुटणे, मुरवणे, विरवणे, घोटणे, खरवडणे, कोरणे, आखणे, पोसणे : यांतले प्रत्येक क्रियापद वेगळी हालचाल दाखवते. लिंपणे आणि सारवणे या दोहोंत हात ओल्या मातीत असतो; पण लिंपताना भेग बुजते, सारवताना पृष्ठभाग एकसारखा होतो. कोरताना खोली हवी असते, खरवडताना वरचा थर जायला हवा असतो. ‘तंत्राचा अवलंब केला जातो’ असे लिहिले की ही सगळी क्रियापदे बेकार होतात.

तिसरा नियम : व्यवसायातला शब्द असेल तर तोच वापरावा आणि तो वाक्यातच उलगडावा. गवंडी ज्याला गिलावा म्हणतो त्याला ‘लेपन’ म्हणायचे कारण नाही. चुन्याच्या अगदी बारीक, गुळगुळीत शेवटच्या हाताला बांधकामावर ‘निरू’ म्हणतात. हा शब्द आजही ठेकेदारांच्या कागदांत सापडतो, पण साहित्यिकांच्या लेखनात नाही. करणी, थापी, रंधा, ओळंबा ही हत्यारे मुलांना प्रत्यक्ष दाखवली आणि नावे पाटीवर लिहिली. एक आजोबा आपल्या नातवाला ओळंबा हातात धरून दाखवत होते. ते निवृत्त गवंडी होते आणि त्या दालनात त्या वेळी सर्वांत जाणकार तेच होते. पाटीवर परके शब्द असते तर ते मागे उभे राहिले असते.

चौथा नियम : जे ठाऊक नाही ते स्वच्छ लिहावे आणि योग्य शब्दांत लिहावे. कावीच्या कारागिरांची नावे बहुधा कुठेच नोंदलेली नाहीत. ‘अज्ञात कलाकार’ असे लिहिले की त्याला नावच नव्हते असा भास होतो. ‘कारागिराचे नाव नोंदलेले नाही’ असे लिहिले की उणीव नोंद न करणाऱ्यांकडे जाते, आणि ती तिथेच आहे.

शब्द कोणाचे : पुण्याचे की पेडण्याचे?

मजकूर ठरवताना एक वाद झाला, तो नोंदवण्यासारखा आहे. काहींचे म्हणणे होते की ‘काव’ ऐवजी ‘गेरू’ लिहावे, कारण पुस्तकी मराठीत गेरू रूढ आहे आणि बाहेरून येणाऱ्या वाचकाला तो कळेल. दुसरे मत असे की काव हा शब्द इथल्या मराठीतही आहे, कोंकणीतही आहे आणि कलेचे नावच त्यावरून आले आहे. तो काढला तर ‘कावी’ या नावाचा धागा तुटतो.

मी दुसऱ्या मताचा होतो आणि आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद केली. वृत्तीने आपण बहुतेक जण दोन्ही भाषांत वावरतो. मुलगा घरी आईशी कोंकणीत बोलतो, देवळात आरती मराठीत म्हणतो, शाळेत इंग्रजी लिहितो. त्याच्यासाठी पाटी लिहिताना दोन्ही भाषांत सामाईक असलेला शब्द मिळाला तर तो सोडू नये. चिरा, माड, काव, चुना, घुमट अशा शब्दांपाशी दोन्ही भाषांचे वाचक एकत्र उभे राहतात. तेवढ्यापुरती भाषेच्या वादाची हवा दालनाबाहेर राहते.

यावरून एक कामकाजाची रीतही आम्ही ठरवली. कोंकणी, मराठी आणि इंग्रजी पाट्या एकमेकींची भाषांतरे म्हणून लिहायच्या नाहीत. माहितीचे टिपण एक ठेवायचे आणि त्यावरून प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या लेखकाने स्वतंत्र पाटी लिहायची. तिन्ही पाट्यांत तथ्ये तीच राहतात, पण वाक्ये एकमेकींचा पदर धरून चालत नाहीत.

शेजारच्या दालनात घुमटाची मांडणी होती. तिथे हाच नियम वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडला. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असे मातीचे भांडे. एका तोंडावर कातडे ताणलेले असते, दुसरे छोटे तोंड वादक तळहाताने कमी-अधिक झाकतो आणि त्यावर नादाचा घुमारा बदलतो. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बेकायदा आहे आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. ही सगळी माहिती पाटीवर होती. पण मुलांना आकर्षण वाटले ते एकाच वाक्याचे : ‘आवाज या भांड्यात घुमतो, आधी तळहात उघडा ठेवून वाजवून पाहा, मग झाकून.’ घुमट आणि घुमणे हे दोन शब्द शेजारी आले आणि हाताने त्यांचा अर्थ पटवून दिला.

मुलांनी केलेली कावी, मुलांनी लिहिलेली पाटी

शिबिरात कावी शिकवायची तर एक व्यवहाराची अडचण आधी सांगितली पाहिजे. चुना दाहक असतो. डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे खऱ्या चुन्याचे काम एका गवंड्याने हातमोजे आणि चष्मा घालून, मुलांना दूर बसवून करून दाखवले. मुलांना आम्ही पर्याय दिला : मातीच्या कौलाच्या सपाट तुकड्यावर खडूची पूड आणि डिंकाचे पाणी यांचा पांढरा थर, तो वाळल्यावर डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या कावीचा तांबडा थर आणि तो ओलसर असताना खरवडायला बोथट केलेला खिळा. हे टिकाऊ नाही, पण कृतीचे तत्त्व तेच आहे. चार सकाळी पुरतात : पहिल्या दिवशी पाहणे आणि कागदावर आखणी, दुसऱ्या दिवशी पांढरा थर, तिसऱ्या दिवशी तांबडा थर आणि खरवडणे, चौथ्या दिवशी पाटी.

आखणीच्या दिवशी गणिताच्या शिक्षकांना बोलवावे. कावीतली सहा पाकळ्यांची कमळे कंपासाने निघतात. एक वर्तुळ काढायचे. कंपास न हलवता त्याचे टोक वर्तुळाच्या रेषेवर ठेवून कंस मारायचा. कंस जिथे वर्तुळाला छेदतो तिथे टोक ठेवून पुढचा कंस. सहाव्या वेळी आपण बरोबर सुरुवातीच्या जागी येतो, कारण त्रिज्येएवढी जीवा वर्तुळात सहाच वेळा बसते. सातवीआठवीच्या मुलांनी हे प्रमेय वहीत केलेले असते. देवळाच्या भिंतीवर तेच दिसले की काही चेहरे उजळतात.

चौथ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कौलासाठी चार वाक्यांची पाटी लिहायची होती. अटी तीन : ‘सुंदर’, ‘पारंपरिक’ आणि ‘वारसा’ हे शब्द वापरायचे नाहीत, निदान दोन क्रियापदे हाताच्या कामाची हवीत, आणि वाचणाऱ्याला काहीतरी पाहायला सांगायचे. ज्या मुलांनी वर्षभर मराठीत एकही परिच्छेद स्वतःहून लिहिला नव्हता, ती मुले ‘कोरले’ लिहायचे की ‘खरवडले’ यावर वाद घालू लागली. शुद्धलेखन कच्चे होते. ते आम्ही त्यांच्याशेजारी बसून दुरुस्त केले, वाक्ये मात्र बदलली नाहीत.

सातवीतल्या एका मुलीचे पहिले वाक्य असे होते : ‘मी लाल काढले, पांढरे आपोआप आले.’ मराठीत ‘काढणे’ म्हणजे चित्र रेखाटणेही आणि दूर करणेही. रांगोळी काढतात आणि काटाही काढतात. कावीत या दोन्ही क्रिया एकच होतात : काढून टाकल्यानेच चित्र काढले जाते. भाषेच्या शिक्षकांनी अनेकार्थी क्रियापदांवर घेतलेल्या तासापेक्षा हे सहा शब्द अधिक सांगतात. आम्ही ती पाटी मुख्य दालनाच्या तोंडाशी लावली आणि आमची पाटी आत नेली.

पाटी लावण्याच्या गोष्टी

लेखनाइतकेच मांडणीचे भान हवे. आमच्या अनुभवात साठ-सत्तर शब्दांपेक्षा मोठी पाटी उभ्याने वाचली जात नाही. अधिक सांगायचे असेल तर दालनात एक बाक आणि त्यावर सविस्तर पुस्तिका ठेवावी. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले तर ओळी एकमेकींत अडकतात. मुलांसाठीच्या पाट्या त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावाव्यात, मोठ्यांना वाकता येते. तांबड्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे लावू नयेत. साधन आणि माप यांची ओळ शेवटी, लहान अक्षरांत असावी.

शेवटच्या मोठ्या पाटीवर कावीविषयी काहीच नव्हते. तिचे शीर्षक होते ‘भिंत रंगवण्यापूर्वी’. खाली पाच साधी वाक्ये होती : जुन्या भिंतीवर तांबडे-पांढरे काम दिसले तर आधी छायाचित्र काढा, सिमेंट किंवा तैलरंग लावू नका, धूळ काढायची तर मऊ कोरड्या कुंचल्याने काढा, डागडुजी करायचीच तर चुन्यानेच करा, आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय खरवडू नका. एका गावच्या महाजनांनी या पाटीचे छायाचित्र घेतले. त्यांच्या बैठकीत पुष्कळ चर्चा झाल्याचे पुढे कळले. सभामंडपाच्या तीन भिंतींचे रंगकाम ठरल्याप्रमाणे झाले. चौथी भिंत, जिच्यावर काम अजून स्पष्ट होते, ती त्यांनी या वर्षापुरती तशीच ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात तो विषय पुन्हा निघेल.

इतर केंद्रांसाठी

ही रीत गोव्यापुरती नाही. महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक जुन्या मराठी वस्तीच्या आसपास अशी हाताची कला आणि तिचे शब्द आहेत. बेळगाव जिल्ह्यात खानापूरला तांबड्या मातीची कौले आणि भांडी होतात आणि कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथे आहे. चाक, थापटणे, आवा हे शब्द तिथल्या कुंभाराच्या तोंडून उतरवून घेता येतील. वडोदऱ्याला दिवाण भाऊ तांबेकर यांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत. दोन्हींसमोर मराठी घरांतली मुले उभी करून त्यांच्याकडून चार वाक्ये लिहून घेणे अवघड नाही. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडले; तिथल्या सुट्टीतल्या चित्रकला वर्गाला हा इतिहास मराठीत सांगता येईल. हैदराबादच्या मंडळींना बिदर जवळ आहे. बिदरीकाम म्हणजे जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी ठोकून बसवणे आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने धातू काळा करणे. त्यातली ठोकणे, जडवणे, घासणे, उजळणे ही क्रियापदे मुलांपुढे प्रत्यक्ष घडताना दिसतील.

प्रत्येक ठिकाणी काम एकाच क्रमाने करता येईल. सुट्टीपूर्वी दोन-तीन जणांनी कारागिराकडे जाऊन बसावे आणि त्याचे शब्द त्याच्या उच्चारात टिपून घ्यावेत. हत्याराचे नाव, कृतीचे क्रियापद आणि बिघाडाचे नाव अशा तीन स्तंभांत. बिघाडाचे शब्द विसरू नयेत. गिलावा फुगला, पोपडा सुटला, भांडे तडकले, रंग फिकटला हे शब्द कारागिरीचे सर्वांत अचूक शब्द असतात. मग त्यांतून पाट्या कराव्यात. शिबिराच्या शेवटी मुलांच्या पाट्या आणि मूळ टिपणे एका फाइलमध्ये जपून ठेवावीत. दहा वर्षांनी कोशकारांना आणि लेखकांना ती फाइल मोलाची वाटेल, कारण तोवर कदाचित कारागीर नसेल आणि भिंतही नसेल.

अकादमींच्या आणि साहित्य संस्थांच्या उन्हाळी उपक्रमांत कविसंमेलन आणि कथाकथन यांना जागा असते, ती असावीच. त्याच फलकावर ‘पाटीलेखन वर्ग’ अशी एक ओळ वाढवायला खर्च नगण्य आहे. लागते ते एक दालन, एक कारागीर, काही कौलांचे तुकडे आणि मुलांशेजारी बसून वाक्य ऐकून घेणारा एक शिक्षक.